औक लोकांचे सरदार कोवी

उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकास अलास्का नावाचा प्रदेश आहे. तेथील समुद्रकाठी त्लिंगित लोक प्राचीन काळापासून मासे धरून व शिकार करून राहत आले आहेत. त्यांच्यातील औक शाखेचे सरदार कोवी यांचे थोडके वृत्त आम्ही येथे देतो.

1867 साली रशियाने हा प्रदेश अमेरिकेस विकला. त्लिंगितांस विकणाराने विचारले नाही व घेणारानेही नाही. पुढे सिटका गावच्या जॉर्ज पिल्झ नामक खाणकामाच्या जाणत्याने जाहीर केले की, जो सरदार सोन्याची जागा दाखवील त्यास 100 लोकरी घोंगड्या व त्याच्या लोकांस मजुरी मिळेल. कोवी यांनी आपल्या मुलखातील दगड नेऊन दाखविले. तेव्हा 1880 च्या उन्हाळ्यात पिल्झने जो जूनो व रिचर्ड हॅरिस या दोघांस धाडले. परंतु त्यांनी बरोबरची सामग्री दारूपायी घालविली व ते रिकाम्या हातांनी परतले. (दारूचा हा प्रताप आमच्या वाचकांस नवा नाही.) कोवी मात्र स्वस्थ बसले नाहीत. ते पुन्हा सिटकास गेले, आणि त्यांच्या आग्रहावरून पिल्झने त्याच दोघांस परत पाठविले. या खेपेस कोवी यांनी त्यांस वाट दाखवीत डोंगरातील खोऱ्यात नेले, व ऑक्टोबरात सोने दृष्टीस पडले. तेथे जे गाव वसले त्यास आधी हॅरिसचे व 1881 च्या डिसेंबरात जूनोचे नाव पडले. तेच पुढे अलास्काची राजधानी झाले. कोवी यांचे नाव गावाच्या उत्तरेकडील एका नदीस आहे.

1892 साली कोवी वारले. त्लिंगितांत डोमकावळा व गरुड असे दोन पक्ष आहेत. मूल आईच्या पक्षाचे, आणि लग्न दुसऱ्या पक्षात. मयत जाळण्याची त्यांची जुनी चाल असून ते काम घरच्यांनी न करता समोरच्या पक्षाने करावयाचे, व मागाहून मृताच्या आप्तांनी मोठे जेवण व देणग्या देऊन त्यांचे ऋण फेडावयाचे, असा नेम होता. मिशनरी आल्यावर पुरण्याची चाल वाढली. आमच्या खेड्यांतही आजा जाळलेला व नातू पुरलेला अशी घरे आहेत. आज्याची आठवण कोठे जाऊन करावी, असे तेथे विचारतात तेव्हा उत्तर देणे आम्हांस जड जाते.

कोवी यांचे दहन आजच्या एव्हरग्रीन कबरस्थानाजवळ झाले. जूनो 1899 साली दूर डॉसन येथे वारला; त्याचे प्रेत मागाहून आणून याच कबरस्थानात पुरले. 1907 साली ऑरेगनात वारलेला हॅरिसही तेथेच आहे. त्या दोघांच्या कबरी आहेत. कोवी यांची कबर नाही. त्यांच्या नावाची स्मरणपाटी आहे.