सोलापूरच्या वालचंद शेठनी कुर्ल्यात सहा सिलिंडरच्या गाड्या बनवल्या, त्यांचा तो खोल आवाज यायचा कुठून?

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की वाटेत कुंभारी लागतं. विडी कामगारांच्या हजारो घरांच्या वसाहतीमुळे हे नाव आज सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालंय. या रस्त्यावरून जाणारी पोरं गाडी कुठली आहे हे आधी आवाजावरून ओळखतात आणि मग मान वळवून बघतात. बुलेट असो नाहीतर एखाद्या पाहुण्याची बीएमडब्ल्यू, आवाज खोल हवा, घुमला पाहिजे. त्यासाठी लोक सायलेन्सर बदलतात, हजारो रुपये घालतात आणि कधीकधी पोलिसांची पावतीही फाडून घेतात.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र विसरली जाते. सहा सिलिंडरचं इंजिन असलेल्या मोठ्या गाड्या भारतीय मालकीच्या कारखान्यात बनवायच्या, म्हणून ज्या माणसानं आठ वर्षं सरकारचे उंबरे झिजवले, तो माणूस याच सोलापूरचा होता. नाव वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा. घराणं गुजरातेतून येऊन सोलापूर भागात स्थिरावलेलं, जैन धर्माचं. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शाळा सोलापुरात झाली, पुढं शिकायला मुंबई आणि पुणे गाठलं. पण पदवी काही पूर्ण झाली नाही आणि पोरगा घरच्या पेढीवर आला.

आता घरची पेढी म्हणजे बसल्या जागी पैसा. गादीवर बसायचं, वह्या लिहायच्या, व्याज मोजायचं. वालचंदांचं मन तिथं रमेना. त्यांना काहीतरी उभं करायचं होतं. त्याच वेळी त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कंत्राटं कशी मिळतात, कामं कशी चालतात हे त्यांना आतून माहीत होतं, पण भांडवल नव्हतं. वालचंदांकडे भांडवल होतं, पण अनुभव नव्हता. दोघांची जोडी जमली.

पहिलं मोठं काम मिळालं ते बार्शी लाइट रेल्वेचं. येडशी ते तडवळा हा छोटासा रेल्वेमार्ग. काम तसं किरकोळ होतं, पण तिथून जी गाडी सुटली ती थांबलीच नाही. पुढं 1920 मध्ये फाटक-वालचंद पेढी टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये विलीन झाली आणि बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं अवघड काम या कंपनीनं केलं. आज मुंबई-पुणे ट्रेननं घाट चढताना अंधार होतो, तेव्हा त्या अंधारात सोलापूरच्या या माणसाचाही वाटा असतो. 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. तिला आपण एचसीसी म्हणून ओळखतो.

पण वालचंदांची खरी ओळख म्हणजे नाही म्हणणाऱ्या सरकारशी पंगा.

त्याची सुरुवात समुद्रावर झाली. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा भारताच्या किनाऱ्यावरची जवळजवळ सगळी जहाजवाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांना सोबत घेऊन ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जुनं जहाज विकत घेतलं. नाव होतं एस. एस. लॉयल्टी. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि 5 एप्रिल 1919 रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. देशात 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो तो याच प्रवासामुळं. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंधियाला बुडवायचा प्रयत्न केला, पण ती टिकली.

मधल्या काळात नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात वालचंदनगर उभं राहिलं. माळरानावर ऊस आला, साखर कारखाने आले. रावळगावच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत असा मराठी माणूस सापडणं कठीण. म्हणजे पन्नाशी ओलांडली तेव्हा वालचंदांकडे रेल्वे, जहाज, बांधकाम, साखर सगळं होतं. एखादा निवांत बसला असता.

वालचंद 1939 मध्ये अमेरिकेला गेले. मोटार बनवायची हे डोक्यात पक्कं होतं.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा भारतात गाड्या जोडल्या जात नव्हत्या का? जात होत्या की. जनरल मोटर्सनं 1928 पासून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. खोक्यांतून सुटे भाग यायचे, इथले कामगार ते जोडायचे आणि शोरूममध्ये पाठवायचे. पण इंजिन बाहेरचं, गिअर बाहेरचे आणि कंपनीही बाहेरचीच. वालचंदांना हे नको होतं. आज जोडू, उद्या एकेक भाग इथंच बनवू आणि परवा अख्खी गाडी आपली असेल, असा त्यांचा हिशोब होता. एम. विश्वेश्वरय्या यांनीही याच सुमारास भारतात मोटार कारखाना निघावा म्हणून जोर लावला होता.

अमेरिकेत वालचंदांचं क्रायस्लर कंपनीशी जमलं. करार झाला, तंत्रज्ञान द्यायला कंपनी तयार झाली. पण दुसरं महायुद्ध पेटलेलं. यंत्रं आणायला डॉलर हवेत आणि डॉलर द्यायचे की नाही हे ब्रिटिश सरकारच्या हातात. सरकारनं ना परकीय चलन दिलं, ना गाड्या विकत घेण्याची हमी. लष्कराला ट्रक हवे होते, ते बाहेरून येत राहिले आणि इथला कारखाना कागदावरच राहिला.

पण वालचंद गप्प बसणारे नव्हते. याच अमेरिका दौऱ्यात विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी गाठ पडली होती. त्यातून म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. हीच आजची एचएएल. 21 जून 1941 रोजी विशाखापट्टणमला जहाज बांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. तिथं बांधलेलं पहिलं जहाज जल उषा 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

मोटारीला मात्र 1944 उजाडलं. त्या वर्षी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, कारखाना कुर्ल्याला. आणि 1947 मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लायमाउथ, डिसोटो. सोबत डॉज आणि फार्गोचे ट्रक. गाड्यांच्या बॉनेटखाली होतं क्रायस्लरचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन.

आता येऊ आवाजावर. कारण हे इंजिन समजलं की आज कुठल्याही सहा सिलिंडरच्या गाडीला एक्झॉस्ट कसा निवडायचा हेही समजतं.

त्या काळच्या अमेरिकी प्लायमाउथचं इंजिन साधारण 3.6 लिटरचं होतं आणि ताकद फक्त 95 हॉर्सपॉवर. आज छोट्या हॅचबॅकही याच्या जवळपास असतात. पण या इंजिनाचा पिस्टन लांबवर वरखाली व्हायचा आणि इंजिन सावकाश फिरायचं. आवाजाचं पहिलं गुपित इथंच आहे.

सहा सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दर फेरीला तीन वेळा इंधन पेटतं, चार सिलिंडरमध्ये दोन वेळा. मिनिटाला 2400 फेऱ्या धरल्या तर सहा सिलिंडरच्या एक्झॉस्टमधून सेकंदाला 120 ठोके बाहेर पडतात, चारमधून 80. म्हणजे त्याच वेगाला सहा सिलिंडरचा सूर उलट वर असतो! मग तो खोल का वाटतो? एक तर ठोके अगदी सारख्या अंतरानं पडतात, त्यामुळं खडखड नसते, सलग घुमल्यासारखं वाटतं. आणि इंजिन मोठं, सावकाश फिरणारं असेल तर ठोक्यांची संख्याही खाली येते. 1200 फेऱ्यांवर ते सेकंदाला फक्त 60 उरतात.

दुसरं गुपित अमेरिकेतल्या हौशी मेकॅनिकांनी शोधलं. या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम 1-5-3-6-2-4 असा असतो. नीट बघा, एक ठोका पुढच्या तीन सिलिंडरमधला आणि पुढचा ठोका मागच्या तिघांतला. म्हणून मॅनिफोल्डचे दोन भाग केले, पुढच्या तिघांना एक नळी आणि मागच्या तिघांना वेगळी नळी दिली, की प्रत्येक नळीत निम्मेच ठोके येतात. 2400 फेऱ्यांवर 120 ऐवजी 60. आवाज एकदम खाली उतरतो. तेव्हा ज्यांना खोल आवाज हवाय त्यांनी आधी हे विचारावं की दोन नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या राहतात की मध्येच एकत्र होतात. एकत्र झाल्या की ठोक्यांची पुन्हा बेरीज होते आणि सूर वर चढतो.

तिसरं गुपित सायलेन्सरच्या आत. छिद्रं असलेल्या नळीभोवती काचेचा लोकर भरलेला सायलेन्सर वरचे किरकिरे सूर जास्त शोषतो आणि खालचे सूर जाऊ देतो. डबा जितका मोठा, तितका आवाज मऊ. नुसती नळी कापून टाकली तर आवाज मोठा होतो, खोल होत नाही. नळी गरजेपेक्षा जाड घेतली तर वायूचा वेग कमी होतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ मंदावू शकते. शिवाय हायवेला एका ठराविक वेगावर केबिनमध्ये सतत घूं घूं घुमायला लागतं, त्यासाठी मध्ये रेझोनेटर ठेवावा लागतो. आणि नव्या गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवाजासाठी काढणं म्हणजे प्रदूषणाचे नियम मोडणं. आवाजाची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता परत कुर्ल्याला जाऊ. गाड्या निघाल्या, पण वालचंदांचं शरीर थकलं होतं. 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. विमान कारखाना सरकारनं 1942 मध्येच ताब्यात घेतला होता. 1952 मध्ये विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याचाही मोठा हिस्सा सरकारकडे गेला. दोन्ही कारखाने देशाचे झाले, पण ते ज्यानं उभारले त्याच्या हातात राहिले नाहीत. मोटार कारखाना मात्र राहिला. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथं वालचंदांनी शेवटचा श्वास घेतला. वय सत्तर.

आणि त्याच वर्षी गोष्ट फिरली. सरकारनं ठरवलं की जी कंपनी भारतात टप्प्याटप्प्यानं गाडी बनवणार नाही, नुसतीच जोडणार, तिला इथं जागा नाही. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. वालचंद जे 1939 पासून सांगत होते, तेच देशाचं धोरण बनलं. ते बघायला वालचंद नव्हते.

सहा सिलिंडरच्या मोठ्या गाड्यांचा काळही फार टिकला नाही. पेट्रोल पिणारी अमेरिकन गाडी सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. प्रीमियरनं फियाटशी करार केला होता. पुढं कुर्ल्यातून चार सिलिंडरची फियाट 1100 निघू लागली आणि तिचीच झाली प्रीमियर पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर 2023 मध्ये.

आज सोलापुरात वालचंदांच्या नावाचं कॉलेज आहे, इंजिनिअरिंगची संस्था आहे. तिथली कितीतरी पोरं मेकॅनिकल शिकतात, मॅनिफोल्डची चित्रं काढतात. कुर्ल्यातल्या डॉज आणि प्लायमाउथ आता विंटेज गाड्यांच्या रॅलीतच भेटतात. कधी संधी मिळाली तर मालकाला विनंती करून एकदा इंजिन चालू करायला सांगा आणि थोडा वेळ मागे, सायलेन्सरजवळ उभे राहा. आवाज फार मोठा नसतो. सावकाश, एकसारखा, खालून येणारा असतो. वालचंदांच्या कारखान्यानं 1947 मध्ये रस्त्यावर उतरवला तो हाच आवाज.