ज्ञानकोशकार दनी दीद्रो

दनी दीद्रो यांचा जन्म ५ ऑक्टोबर १७१३ रोजी फ्रान्समधील लांग्र गावी झाला. त्यांचे वडील चाकू-सुऱ्या बनवायचे. त्या काळी राजा व धर्मगुरू सांगतील तेच खरे मानावे लागे. दीद्रोंचे मत असे, की आधी बुद्धीने पारखावे, मग खरे मानावे. तसे लिहिले म्हणून १७४९ साली त्यांना तुरुंगात टाकले. तरी त्यांनी लिहिणे सोडले नाही. त्यांनी ज्ञानकोश काढला. १७५९ मध्ये त्यावर बंदी आली. काही सोबती सोडून गेले. दीद्रोंनी गुपचूप काम चालू ठेवले. १७७२ पर्यंत २८ खंड झाले. त्यांतले ११ नुसते चित्रांचे! त्यात सुतार, लोहार, विणकर यांच्या कामाची चित्रे आहेत. हे मला फार आवडले. हाताची कलासुद्धा ज्ञानच आहे, हे त्यांनी दाखवले. ३१ जुलै १७८४ रोजी ते वारले.