जिम थॉर्प : पदके हिरावलेला खेळाडू



अमेरिकेतील फुटबॉल आपल्या फुटबॉलहून वेगळा. लांबट चेंडू हातात धरून, अंगावर येणाऱ्यांना चुकवीत धावण्याचा तो धसमुसळा खेळ. त्याच्या व्यावसायिक संघटनेचा पहिला अध्यक्ष एक आदिवासी कॅथोलिक खेळाडू होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

जिम थॉर्पचा जन्म १८८७ च्या सुमारास, आजच्या ओक्लाहोमा राज्यात, सॅक अँड फॉक्स जमातीत झाला. स्नानसंस्काराच्या वेळी त्याचे नाव जेकोबस फ्रान्सिस्कस असे नोंदले गेले. जुळा भाऊ चार्ली बालपणीच गेला, पुढे आईवडीलही गेले. जिम कार्लाइलच्या सरकारी निवासी शाळेत शिकला. आदिवासी मुलांचे केस कापून, त्यांची भाषा सोडवून त्यांना ‘सुधारणारी’ ती शाळा. (अशा शाळा आपल्या मिशनऱ्यांनीही चालविल्या, हे लपवू नये.) त्याच शाळेच्या संघाने १९११ साली बलाढ्य हार्वर्डला १८-१५ असे हरविले. त्यातले बहुतेक गुण एकट्या जिमचे होते.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदके जिंकली. सहा महिन्यांत ती गेली. १९०९ व १९१० च्या उन्हाळ्यात त्याने थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता आणि ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंचे होते. कॉलेजची कितीतरी मुले खोट्या नावाने तसे खेळत; जिमने स्वतःचे नाव लावले, म्हणून सापडला. नियमाप्रमाणे तक्रार ३० दिवसांच्या आत व्हायला हवी होती. कायद्याच्या अक्षरापेक्षा त्याचा हेतू पाहावा, असे संत थॉमस अक्वायनस शिकवितात. इथे तर अक्षरही पाळले गेले नाही!

पुढे १९१५ मध्ये कँटन बुलडॉग्ज संघाने त्याला एका सामन्याचे २५० डॉलर देऊ केले. त्या काळी ही रक्कम मोठी होती आणि त्याला पाहायला लोक लोटले. १९२० साली संघमालकांनी संघटना स्थापली, तेव्हा अध्यक्षपदी त्याचेच नाव घातले. हीच आजची एन.एफ.एल. १९२२ व १९२३ मध्ये तो फक्त आदिवासी खेळाडूंच्या संघातून खेळला. मालकाचा धंदा कुत्रे विकण्याचा आणि संघ म्हणजे त्याची जाहिरात. १९२८ पर्यंत जिम खेळत राहिला.

नंतर मंदी आली. त्याने खड्डे खणले, सिनेमात किरकोळ कामे केली. तो काही संत नव्हता. दारू होती, दोन संसार मोडले. १९५० साली पत्रकारांनी त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडले. २८ मार्च १९५३ रोजी तो मरण पावला.

१९८२ साली ऑलिम्पिक समितीने त्याला पुन्हा विजेता मानले, पण सहविजेता म्हणून. डेकॅथलॉनमध्ये दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो वीसलांडर मात्र खरा विजेता जिमच, असे आयुष्यभर मानीत आला होता. एकमेव विजेता म्हणून जिमची नोंद १५ जुलै २०२२ रोजी झाली. त्याचा देह पत्नीने पेनसिल्व्हेनियातील एका गावाला दिला होता, आणि गावाने त्याचेच नाव घेतले. वडिलांना आपल्या जमातीच्या भूमीत पुरावे म्हणून मुलगे कोर्टात गेले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील ऐकण्यास नकार दिला.