सोनेरी चौकोनामागचा माणूस

डहाणू-तलासरीच्या बाजारपेठेत एटीएममध्ये सरकवले जाणारे कार्ड पाहा. त्यावर नखाएवढा सोनेरी चौकोन दिसतो. त्याखाली चिप, म्हणजे चिमुकला संगणक असतो. म्हणूनच हे स्मार्ट कार्ड. मोबाइलमधले सिमकार्डही त्याच जातीचे. या कल्पनेच्या जनकांपैकी एक होते जर्मन अभियंते हेल्मुट ग्रॉट्रुप.

त्यांचा जन्म १९१६ साली कोलोन येथे झाला. बर्लिनमध्ये भौतिकशास्त्र शिकून ते वेर्नर फॉन ब्राउन यांच्या क्षेपणास्त्र केंद्रात दाखल झाले आणि व्ही-२ अग्निबाणाच्या नियंत्रण यंत्रणेवर काम करू लागले. या अग्निबाणांनी लंडन आणि अँटवर्पमध्ये हजारो बळी घेतले. ते तयार करताना वेठीला धरलेले हजारो कैदीही मेले. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आली. त्याच महिन्यात तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली समाज वेठबिगारीविरुद्ध उभा राहिला.

फॉन ब्राउन अमेरिकेत गेले. ग्रॉट्रुप यांनी मात्र सोव्हिएत बाजूला काम पत्करले. ऑक्टोबर १९४६ मध्ये त्यांना बायकामुलांसह रशियात नेण्यात आले. ते परतले १९५३ साली. मग अग्निबाण सुटला आणि संगणक हाती आला.

माणूस समोर नसताना पेट्रोल पंपाने गिऱ्हाईक कसे ओळखावे? या प्रश्नावर त्यांनी १९६७ मध्ये नक्कल न करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ओळखकिल्लीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी युर्गन डेथलॉफ यांच्यासोबत ती कल्पना पुढे नेली. चुंबकीय पट्टीवरची माहिती सहज उतरवून घेता येते. चिप मात्र आतले गुपित बाहेर सांगत नाही. यंत्राच्या प्रश्नावर आतच गणित करून ती फक्त उत्तर देते.

ग्रॉट्रुप १९८१ मध्ये वारले. ही कार्डे घरोघरी पोचलेली त्यांना पाहता आली नाहीत. जर्मनीत नव्वदच्या दशकात आरोग्य विम्याचे चिपकार्ड आले. भारतात २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने गरीब कुटुंबातील पाच जणांना वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण स्मार्ट कार्डावर दिले. ओळख पटे बोटाच्या ठशाने. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसारख्यांसाठी कार्ड विभागून देण्याचीही सोय होती.

आजच्या आयुष्मान कार्डावर चिप नसून क्यूआर कोड असतो. नोंद सरकारी संगणकात असल्याने कार्ड हरवले तरी हक्क हरवत नाही. बँकेचे कार्ड हरवले तर मात्र लगेच बंद करून घ्यावे. उधारीपोटी कार्ड दुकानदाराकडे ठेवू नये. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहू नये. चिप आपले गुपित राखते. पिन राखणे मालकाच्याच हाती असते.