ओळख थोरांची : डॉ. वि. मा. घाटगे

मुलांनो, विमान ही तुमच्यासाठी काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. आजी-आजोबांकडे जायचे म्हणजे विमान, आणि सुटी संपली की डोळे पुसत परत विमान. खिडकीची जागा कोणाला यावरून भावंडांत होणारी भांडणेही आम्हां शिक्षकांच्या कानावर येतातच. आपल्या वर्गातील मोठ्या मुलांपैकी काही जण तर आता एरोस्पेस इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची असे म्हणू लागले आहेत, आणि त्यांचे आईबाबा वर्ग सुटल्यावर आम्हांला हळूच विचारतात, की यात पुढे काय असते हो?

या प्रश्नाला थेट उत्तर देण्यापेक्षा एका माणसाची ओळख करून द्यावी असे वाटले. त्यांचे नाव विष्णू माधव घाटगे. मराठी पद्धतीने लिहायचे तर वि. मा. घाटगे. गंमत पाहा, आद्याक्षरांतच 'विमा' आहे, पुढचा 'न' तेवढा राहिला! स्वतंत्र भारतात आराखडा होऊन भारतातच बांधले गेलेले पहिले विमान याच माणसाच्या नेतृत्वाखाली तयार झाले. पण ते शिकत होते तेव्हा भारतात विमानशास्त्र शिकवणारे एकही खाते नव्हते.

घाटग्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या लहानशा गावी. हे गाव गडहिंग्लज तालुक्यात, जिथून कर्नाटकाची हद्द अगदी जवळ आहे अशा भागात. तेव्हा कोल्हापूरला शाहू महाराजांचे राज्य होते. राईट बंधूंनी अमेरिकेत १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले होते खरे, पण लोकांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. १९०८ च्या ऑगस्टमध्ये विल्बर राईट यांनी फ्रान्समध्ये हजारो लोकांसमोर विमान उडवून, वळवून, खाली उतरवून दाखवले, तेव्हा कुठे युरोपची खात्री पटली. म्हणजे घाटगे आणि विमानावरचा जगाचा विश्वास साधारण एकाच वयाचे म्हणायला हरकत नाही.

शिक्षणासाठी ते मुंबईला आले. विज्ञानाची पदवी घेतली आणि पुढे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून एम.एस्सी. झाले. काळा घोड्याजवळची ती दगडी इमारत तुम्ही मुंबईत गेलात तर आजही पाहू शकाल. लक्षात घ्या, ही इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, विज्ञानाची होती. विमानांचे म्हणाल, तर जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईच्या जुहूला टपालाचे विमान आणले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. विमान परदेशात बनलेले, इंजिन परदेशातले, आणि त्याचे शास्त्र शिकायचे तर तेही परदेशातच.

घाटगे जर्मनीतील गोटिंगेन विद्यापीठात गेले. तिथे लुडविग प्रांटल नावाचे प्राध्यापक होते. विमानशास्त्रात या नावाला जो मान आहे तो गाण्यात अल्लादिया खाँसाहेबांना असावा तसा. प्रांटल यांनी काय केले हे थोडे सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण एरोस्पेसच्या पदवीला गेलात तर त्यांची गाठ पडल्याशिवाय राहणार नाही.

आजीच्या घरचा छताचा पंखा आठवा. तो दिवसभर गरगर फिरतो, पण बंद करून पाहिला तर पात्यांवर धूळ बसलेली असते. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावरची धूळ उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्याच्या नजरेने पाहिले तर ती हलतच नाही. तिच्या वरची हवा थोडी सरकते, त्याच्या वरची आणखी जास्त, आणि काही मिलिमीटर वर गेले की वारा पूर्ण वेगाने वाहत असतो. हा जो पातळसा थर, त्याला सीमास्तर म्हणतात. इंग्रजीतून शिकाल तेव्हा बाउंडरी लेयर.

प्रांटल यांच्या आधी गणिती लोक हवेचे घर्षण सोडून देऊन समीकरणे मांडत. गणित सुंदर सुटे, पण उत्तर असे येई की हवेतून जाणाऱ्या वस्तूला काही अडथळाच होत नाही! गाडीच्या खिडकीबाहेर हात काढणाऱ्या कोणालाही कळेल की हे खोटे आहे. (हात बाहेर काढू नका, हे सांगायला नकोच.) त्यामुळे इंजिनिअर मंडळी गणित्यांना हसत आणि गणिती त्यांच्याकडे लक्ष देत नसत. १९०४ साली प्रांटल यांनी दाखवून दिले की घर्षणाचा सारा खेळ त्या पातळ थरात चालतो. तेवढा थर वेगळा हिशोबात धरा, बाहेर जुने गणित खुशाल वापरा. विमानाला किती अडथळा होईल, आणि पंख फार वर तिरपा केला तर हवा त्याच्यापासून सुटून विमान का कोसळते, हे त्यानंतर समजू लागले. प्रांटल स्वतः मूळचे यंत्र-अभियंता होते. गोटिंगेनला त्यांनी पवनबोगदाही बांधला. पवनबोगदा म्हणजे विमान जागेवर ठेवून वारा त्याच्यावर सोडायचा अशी सोय. गणित मांडायचे आणि लगेच ते खरे आहे का ते बोगद्यात पाहायचे, ही तिथली शिस्त.

या गुरूंच्या हाताखाली घाटग्यांनी संशोधन केले आणि १९३६ मध्ये पीएच.डी. मिळवली. काळ बरा नव्हता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच गोटिंगेनमधून मॅक्स बॉर्न, एमी नोएथर, रिचर्ड कूरांट यांच्यासारख्या जगप्रसिद्ध विद्वानांना केवळ ज्यू म्हणून घालवून देण्यात आले. अशा गावात एका परदेशी विद्यार्थ्याने अभ्यास पुरा केला.

आता पालकांनी विचारावा असा प्रश्न. एवढे शिकून ते परत आले, पण करायचे काय? १९३६ मध्ये भारतात विमान बनवणारा कारखाना नव्हता. प्रांटल यांच्या शिष्याला साजेसे काम त्यावेळी देशात अस्तित्वातच नव्हते. आज आपण मुलांना पदवी निवडायला सांगताना आधी नोकऱ्या मोजतो. त्या हिशोबाने घाटग्यांची निवड साफ चुकलेली होती, आणि त्यांना त्यांच्या विद्येचे काम मिळायला १९४० साल उजाडावे लागले.

ते काम उभे राहिले तेही आपल्याच एका माणसामुळे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. हीच पुढची एच.ए.एल. घाटगे तिथे रुजू झाले. सुरुवातीला अमेरिकन आराखड्यांची विमाने जोडण्याचे काम होते. १९४१ मध्ये हार्लो नावाचे शिकाऊ विमान तिथून उडाले. घाटग्यांनी दहा माणसे बसतील असे एक ग्लायडरही आखले. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. पण दुसरे महायुद्ध पेटले होते. सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि तिथे नवी विमाने घडवण्याऐवजी युद्धातली विमाने दुरुस्त होऊ लागली.

एक गोष्ट मात्र सर्वांच्या ध्यानात आली. कारखाना आहे, यंत्रे आहेत, पण विमान समजणारी माणसे नाहीत. कोणी तरी ती घडवायला हवीत. म्हणून १९४२ च्या डिसेंबरमध्ये बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमान-अभियांत्रिकीचे खाते सुरू झाले. देशातले पहिलेच. ते उभे करण्याच्या कामी घाटगे कारखाना सोडून शिक्षक झाले. तिथे येणारे विद्यार्थी आधीच पदवी घेतलेले असत, विमानशास्त्र त्यावर शिकायचे. पुढे १९५५ पासून याच खात्याची धुरा सतीश धवन यांच्याकडे आली, जे १९७२ मध्ये इस्रोचे प्रमुख झाले. म्हणजे आपल्या अवकाशयानांच्या मागे गेलो तर त्या १९४२ च्या वर्गापर्यंत एक वाट पोचते. कारखान्यातली जागा सोडून असा वर्ग उभा करायला जाणे, हे आम्हांला त्यांच्या साऱ्या विमानांइतकेच मोठे वाटते. शिक्षक असल्यामुळे आम्ही थोडे पक्षपाती असू!

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ते पुन्हा कारखान्यात आले, या वेळी आराखडे करणाऱ्यांचे प्रमुख म्हणून. काम होते हवाई दलाच्या नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठी विमान बनवण्याचे. नाव एच.टी.-२, म्हणजे हिंदुस्थान ट्रेनर. एकामागे एक दोन जागा, एक विद्यार्थ्याची, एक गुरूची. खाली जोडलेले पंख, सगळे अंग धातूचे.

एरोस्पेसच्या चार वर्षांत काय शिकवतात ते या छोट्या विमानावरून छान सांगता येते. पहिले, वायुगतिकी. पंख केवढा आणि कसा असला म्हणजे विमान तरंगेल? बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, तिथली हवा विरळ, म्हणून धावपट्टीवर जास्त पळावे लागते. आपल्याकडे दोह्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा तापून विरळ होते, तेव्हाही हेच घडते. दुसरे, बांधणी. शिकाऊ वैमानिक विमान दणकन आपटणार, तरी चाके आणि पंख टिकले पाहिजेत, आणि मजबुतीसाठी वजन मात्र वाढवायचे नाही. इथे प्रत्येक किलोसाठी भांडण असते. तिसरे, इंजिन. एच.टी.-२ ला १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन बसवले गेले, आजच्या साध्या मोटारीइतक्याच ताकदीचे. आणि चौथे, जे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, विमानाचा स्वभाव. विद्यार्थ्याने चुकून नाक फार वर उचलले, किंवा विमान गिरकी घेत खाली येऊ लागले, तर ते सावरता आले पाहिजे. लढाऊ विमान निष्णात वैमानिकाच्या हाती असते. हे असणार होते अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या हाती, आणि चुका तर होणारच. आराखड्यात एक कोन चुकला तर त्याची किंमत कोणा आईच्या मुलाने मोजायची. ही जबाबदारी घेऊन कागदावर रेघ ओढायची असते. परीक्षेत याच गणिताचे दोन मार्क गेले तर आपण हळहळतो, एवढेच.

५ ऑगस्ट १९५१ रोजी एच.टी.-२ बंगळूरला प्रथम आकाशात गेले. त्या दिवशी आपले वेस्ट बे कुठे होते ठाऊक आहे? बराचसा भाग समुद्रात! इथली जमीन १९७० च्या दशकापासून भर घालून तयार झाली. एच.टी.-२ ची सुमारे १७० विमाने बनली आणि भारतीय हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे त्यांत गिरवले. बारा विमाने आफ्रिकेतल्या घाना देशानेही घेतली.

त्यानंतर रांगच लागली. २८ सप्टेंबर १९५८ रोजी पुष्पक उडाले. नाव रामायणातले, पण हे दोन माणसांचे, कापड ताणून बसवलेले हलके विमान होते. फ्लाइंग क्लबांत हौशी मंडळी त्यावर शिकली. पाठोपाठ सैन्याला टेहळणीसाठी कृषक आले. १९५६ मध्ये कुर्ट टांक हे नामवंत जर्मन आराखडाकार बंगळूरला आले आणि त्यांनी मारुत हे जेट लढाऊ विमान आखले. ते १९६१ मध्ये उडाले. मारुतची गोष्ट सगळे सांगतात, म्हणून इथे सांगत नाही.

घाटग्यांनी मात्र पुन्हा विद्यार्थ्यांचेच विमान हाती घेतले, या वेळी जेट. त्याचे नाव किरण. यात गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसतात, म्हणजे गुरूला शिष्याचा हात कुठे चालला आहे ते दिसते. ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण उडाले. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, भारत सरकारने डॉ. घाटग्यांना पद्मश्री दिली. तुमच्यापैकी काहींनी टी.व्ही.वर हवाई दलाच्या कसरती करणारे सूर्यकिरण पथक पाहिले असेल. १९९६ मध्ये ते पथक स्थापन झाले तेव्हा त्यांची विमाने होती किरण मार्क-२, आणि त्यावरूनच पथकाला हे नाव पडले. पथकाकडे आता हॉक विमाने आहेत, नाव मात्र किरणचेच राहिले आहे.

मोठ्या मुलांसाठी एक गोष्ट राहिली. आज बारावीनंतर थेट एरोस्पेसची पदवी घेता येते, मुंबईत पवईच्या आय.आय.टी.तही. पण पहिल्या वर्षी विमान फारसे भेटत नाही. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये कानस घेऊन लोखंड घासणे, हेच भेटते. काही मुले इथेच कंटाळतात. घाटगे तर बी.एस्सी., एम.एस्सी. अशी सगळी वर्षे विमानाशिवायच्या विज्ञानात घालवून मग गोटिंगेनला पोचले होते. आईबाबांनो, तेव्हा पहिल्या सत्राचे मार्क पाहून लगेच शाखा बदलण्याची घाई नको.

डॉ. घाटगे ६ डिसेंबर १९९१ रोजी गेले. वय ८३. उन्हाळ्याच्या सुटीत कोणी बंगळूरला जाणार असेल, तर जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर एच.ए.एल.चे विमान-संग्रहालय आहे. तिथे मुले धावत जातात ती मारुतकडे. तुम्ही आधी एच.टी.-२ शोधा, त्याच्या दोन जागा पाहा, आणि मागच्या जागेवरून पुढचे कितपत दिसत असेल याचा अंदाज करा. परत आलात की वर्गात चित्र काढून दाखवा. पुढच्या अंकासाठी हवेच आहे.