रस्त्याला शिस्त लावणारा नागरिक

आज कोणत्याही मोठ्या शहरात वाहतुकीचे फलक जागोजागी उभे असलेले दिसतात. कोठे थांबावे, कोणत्या रस्त्यात शिरू नये, गाडी कोठे उभी करू नये, हे ते निमूटपणे सांगत असतात. परंतु सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कसारख्या अवाढव्य शहरातही अशी व्यवस्था नव्हती. ती निर्माण व्हावी म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते विल्यम फेल्प्स ईनो हे पोलीस अधिकारी नव्हते किंवा इंजिनियरही नव्हते. ते त्या शहराचे केवळ एक नागरिक होते.

ईनो यांचा जन्म ३ जून १८५८ रोजी न्यूयॉर्क येथे एका धनाढ्य कुटुंबात झाला. त्यांचे वडील ॲमॉस ईनो हे जमीनजुमल्याच्या व्यवहारात नावाजलेले गृहस्थ होते. विल्यम नऊ वर्षांचा असताना एकदा आईबरोबर घोड्याच्या गाडीतून जात होता. वाटेत गाड्यांची कोंडी झाली. अडकलेल्या गाड्या जेमतेम डझनभर होत्या, परंतु प्रत्येक गाडीवान आपलीच गाडी पुढे दामटू पाहत होता. कोणी मागे सरावे, कोणी वाट द्यावी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पोलिसांनाही काय करावे ते सुचेना. थोडीशी शिस्त असती, तर ही कोंडी होता होता टळली असती, ही गोष्ट त्या बालमनावर कायमची ठसली.

पुढे येल विद्यापीठात शिक्षण घेऊन ईनो वडिलांच्या व्यवसायात शिरले. १८९८ साली वडील वारले. त्यानंतर ऐषआरामात दिवस घालविणे त्यांना सहज शक्य होते. परंतु त्यांनी रस्त्यांवरील गोंधळाचा प्रश्न हाती घेतला. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी एका नियतकालिकात लेख लिहून, वाहतुकीत सुधारणा होणे किती निकडीचे आहे, हे लोकांच्या नजरेस आणले. लेख छापून येताच सर्व काही पालटले, असे मात्र झाले नाही. ईनो यांनीही केवळ तक्रार करून हात झटकले नाहीत. त्यांनी स्वतः नियम तयार केले, ते स्वखर्चाने छापविले आणि अधिकाऱ्यांकडे चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर १९०३ साली न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याने त्यांची नियमावली स्वीकारली.

ते नियम अगदी साधे होते. सावकाश जाणाऱ्या गाडीने रस्त्याच्या कडेने जावे, पुढे जाऊ इच्छिणाऱ्यास वाट मोकळी ठेवावी, थांबण्यापूर्वी किंवा वळण्यापूर्वी मागच्यास इशारा द्यावा, अशा स्वरूपाच्या त्या सूचना होत्या. पूर्वी जे गाडीवानाच्या लहरीवर अवलंबून होते, ते आता सर्वांस सारखेच बंधनकारक झाले. १९०५ साली कोलंबस सर्कल या चौकात सर्व गाड्यांनी एकाच दिशेने वळसा घालून जाण्याची पद्धत सुरू झाली, तीही ईनो यांच्याच योजनेप्रमाणे. लंडन व पॅरिस या शहरांच्या वाहतुकीकडेही त्यांनी लक्ष पुरविले. हे कार्य आपल्या पश्चात चालू राहावे म्हणून १९२१ साली त्यांनी एक संस्था स्थापन केली. नवल असे की, रस्त्यांना शिस्त लावणारा हा पुरुष मोटार चालविण्यास कधीच शिकला नाही. त्यांची आवड होती ती घोड्यांची! १९४५ साली वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

मोटारी वाढू लागल्या, तशी छापील नियमांना फलकांची जोड देणे आवश्यक झाले. डेट्रॉइट शहरात १९१५ साली थांबण्याची सूचना देणारा फलक लावण्यात आला. तो पांढरा व चौकोनी असून त्यावरील अक्षरे काळी होती. पुढे १९२३ च्या सुमारास त्याला अष्टकोनी आकार देण्याचे ठरले. असा आकार दुसऱ्या कोणत्याही फलकाचा नसल्यामुळे तो दुरूनही ओळखू येतो. १९५४ साली अमेरिकेत त्याचा रंग लाल ठरला. असा लाल अष्टकोनी फलक आज भारतातील रस्त्यांवरही दिसतो.

आज न्यूयॉर्कमधील कोणीही रहिवासी आपल्या वस्तीत फलक हवा, अशी मागणी नगराच्या वाहतूक खात्याकडे करू शकतो. परंतु मागणी आली की फलक उभा राहिला, असे होत नाही. तेथून किती वाहने जातात, किती माणसे रस्ता ओलांडतात, अपघात किती झाले, वळणावरून पुढचे दिसते की नाही, हे सर्व पाहून मग निर्णय घेतला जातो. गाड्यांचा वेग कमी व्हावा एवढ्याच हेतूने थांबण्याचा फलक लावू नये, असा तेथील नियमच आहे. कारण नको तेथे फलक लावले, म्हणजे लोक त्यांना जुमानीनासे होतात, आणि मग जेथे खरा धोका असतो तेथील फलकाकडेही त्यांचे दुर्लक्ष होते.

फलक म्हणजे पत्र्याचा एक तुकडा. त्याचा अर्थ सर्वांनी सारखा मानावा, तेव्हाच त्याला सामर्थ्य येते. ईनो यांनी न्यूयॉर्कच्या गाडीवानांना ही गोष्ट पटवून दिली, तेव्हा रस्त्यावर मोटारी विरळाच होत्या. अडचण दिसली की कुरकुर करणारे पुष्कळ असतात. परंतु तिच्यावर उपाय शोधून तो अमलात येईपर्यंत झटणारे थोडेच. ईनो हे त्या थोड्यांपैकी होते.