जाब विचारणारी बाई : ताराबाई शिंदे

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सुधारकांची नावे आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. त्या नामावळीत ताराबाई शिंदे यांचे नाव आता मानाने घेतले जाते. 'स्त्री-पुरुष तुलना' हे त्यांचे छोटेखानी पुस्तक मराठीच्या अभ्यासक्रमातही आले आहे. तथापि ते पुस्तक एका खटल्यातून जन्मले आणि तो खटला आपल्या नंदुरबारपासून फार दूर नसलेल्या सुरतेच्या न्यायालयात चालला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. मलाही ती ठाऊक झाली ती एका कामाच्या निमित्ताने.

गर्भपाताच्या कायद्याचा स्त्रियांच्या बाजूने विचार करणाऱ्या एका अभ्यासात मी अर्धवेळ संशोधन साहाय्यक म्हणून काम केले. सकाळी महाविद्यालयातील तासिका आणि दुपारनंतर हे काम, असा क्रम होता. कायद्याची कलमे वाचायची, जुन्या खटल्यांची टिपणे कार्डांवर उतरवायची, आणि महिन्यातून दोन-तीन वेळा एस.टी.ने धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या बाजूला जाऊन आशाताई, परिचारिका व गावातील बायका यांच्याशी बोलायचे, असे त्याचे स्वरूप होते. १९७१ च्या कायद्यापूर्वी आपल्याकडे काय परिस्थिती होती याचा शोध घेणे हा माझ्याकडे आलेला भाग. त्या शोधात मागे मागे जाता मी १८८१ सालापर्यंत पोहोचलो आणि तेथे मला ताराबाई भेटल्या.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास वऱ्हाडातील बुलढाणा येथे एका मराठा कुटुंबात झाला. वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. बापूजी जोतीराव फुल्यांच्या विचारांचे व सत्यशोधक समाजाशी संबंध असलेले गृहस्थ. त्यांनी स्वतःही सुशिक्षित देशबांधवांना उद्देशून एक पुस्तक लिहून १८७१ साली प्रसिद्ध केले होते. घरात पुस्तके होती, वर्तमानपत्रे येत होती आणि मुलीने वाचू नये असा दंडक नव्हता. बुलढाण्यात त्या काळी मुलींची शाळा कोठून असणार? ताराबाईंना शिकविले ते वडिलांनीच. मराठी चांगले, शिवाय संस्कृत व इंग्रजी यांचीही ओळख, एवढी शिदोरी त्यांना घरातच मिळाली.

लग्न मात्र रिवाजाप्रमाणे लवकर झाले. नवरा घरजावई म्हणून आला, त्यामुळे सासरच्या जाचापासून त्या काहीशा सुटल्या व लेखन-वाचन तुटले नाही. त्यांना मूलबाळ झाले नाही. याहून अधिक तपशील त्यांच्या संसाराबद्दल हाती लागत नाही. ज्या बाईने बायकांच्या संसाराचे इतके उघडे वर्णन केले, तिच्या स्वतःच्या संसारावर असा पडदा असावा, हे मनाला लागून राहते.

आता त्या खटल्याकडे वळू. सुरत जिल्ह्यातील ओलपाड येथे विजयालक्ष्मी नावाची चोवीस वर्षांची ब्राह्मण विधवा राहत होती. तिला दिवस गेले. पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मोकळीक दिली होती, पण ती कागदावर. जातीत विधवेचे लग्न होत नव्हते आणि विधवेला मूल झाले तर तिला जात थारा देत नव्हती. बदनामीच्या भयाने तिने जन्मलेल्या मुलाचा जीव घेतला. १८८१ साली सुरतेच्या सेशन्स कोर्टाने तिला फाशीची शिक्षा दिली. मुंबईच्या हायकोर्टात अपील झाल्यावर फाशी रद्द होऊन जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, व पुढे सरकारने ती पाच वर्षांवर आणली.

हा खटला वर्तमानपत्रांतून गाजला. विधवांची स्थिती सुधारली पाहिजे असे काहींनी लिहिले. पुण्यातील सनातनी पत्रांनी मात्र सगळा दोष बायकांच्या नव्या चालीवर आणि चंचल स्वभावावर ढकलला. त्या गदारोळात एका माणसाबद्दल कोणी फारसे बोलत नव्हते, आणि तो माणूस म्हणजे त्या मुलाचा बाप. कोर्टात उभी राहिली ती एकटी विजयालक्ष्मी.

ह्यात कायद्याचाही हात होता. भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १८६२ पासून अमलात आली. तिच्या ३१२ व्या कलमाने गर्भस्राव घडवून आणणे हा गुन्हा ठरविला. बाईचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केला असेल तेवढाच अपवाद. तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्याच कलमाखाली गुन्हेगार. पुढे ३१८ व्या कलमाने मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपविणे हा गुन्हा केला. आणि जन्मलेल्या मुलाला मारले तर सरळ खुनाचे ३०२ कलम. म्हणजे दिवस गेलेल्या विधवेने पोट पाडले तरी गुन्हा, मूल मारले तरी गुन्हा, मेलेले मूल लपविले तरी गुन्हा. आणि मूल जगविले तर गुन्हा नाही, पण जगण्याला जागाही नाही. ही कलमे ओळीने एका कार्डावर लिहून काढली तेव्हा विजयालक्ष्मीभोवतीचा वेढा मला प्रथम नीट दिसला.

हा वेढा पुण्यात आधीच कोणाच्या तरी ध्यानात आला होता. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडलेल्या विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी ती सोय होती. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला व वाढविला. फुल्यांनी हातांनी केले ते काम ताराबाईंनी लेखणीने केले, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्री-पुरुष तुलना' छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. ताराबाईंचे वय तेव्हा तिशीच्या आसपास. आपण घराच्या चार भिंतींत राहणारी, विद्या नसलेली बाई आहोत व हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, असे त्या प्रारंभी नम्रपणे सांगतात. पण नम्रता तेवढ्यापुरतीच. पुढे भाषा अशी सुटते की वाचणाऱ्याला घाम फुटावा. बोलीतले शब्द, म्हणी, टोमणे, मध्येच पुराणातले दाखले. आणि सारे थेट पुरुषांना उद्देशून, समोर बसवून जाब विचारल्यासारखे.

त्यांचा युक्तिवाद साधा आहे. जे दोष बायकांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, आणि असतील तर कोणात जास्त? बायकांना संशयांचा भोवरा, अविनयाचे घर, साहसांचे नगर वगैरे ठरविणारा एक संस्कृत श्लोक त्या घेतात आणि त्यातील एकेक आरोप उचलून पुरुषांपुढे ठेवतात. बायको मेली की दहाव्या दिवशीही दुसरी आणण्यास पुरुष मोकळा, मग नवरा मेल्यावर बाईनेच का असा गुन्हा केला की तिचे केस, दागिने, शुभकार्यातील जागा सारे जावे? विधवेला भुलविणारा कोण, आणि ती फसल्यावर नामानिराळा होणारा कोण? शास्त्रे रचणारे पुरुष, निवाडा देणारे पुरुष, आणि शिक्षा भोगणारी मात्र बाई, ही उघड विषमता त्यांनी मांडली. पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणांपुरती नसून कुलीन म्हणविणाऱ्या मराठ्यांनीही ती उचलली आहे, हे त्यांनी स्वतःच्या जातीलाही सुनावले. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' यांसारख्या त्या काळच्या गाजलेल्या पुस्तकांतील स्त्रियांची चित्रे कशी खोटी आहेत, याचाही त्यांनी समाचार घेतला. त्या अर्थाने मराठीतील स्त्रीने केलेली ती एक आरंभीची समीक्षाही आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई सभांतून बोलत होत्या, त्यांना विद्वानांची ओळख होती. बुलढाण्याच्या ताराबाईंपाशी सभा नव्हती, संस्था नव्हती. होता तो राग, आणि तो शब्दांत बांधण्याचे सामर्थ्य.

पुस्तकाचे स्वागत काय झाले? टवाळी झाली. नवल म्हणजे सत्यशोधक मंडळींतही ते सर्वांच्या पचनी पडले नाही. तेव्हा जोतीराव पुढे आले. १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी लेकीच्या मायेने ताराबाईंचा उल्लेख केला व आपल्या सहकाऱ्यांना हे पुस्तक वाचण्याची शिफारस केली. ताराबाईंनी मात्र त्यानंतर दुसरे पुस्तक लिहिले नाही. १९१० च्या सुमारास त्या वारल्या. पाचशे प्रती कोठे गेल्या कोणास ठाऊक! जवळजवळ नव्वद वर्षे मराठी वाङ्मयाला त्यांचे विस्मरण झाले. १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, डॉ. स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केले. १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅन्लन यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ते जगभर पोचले.

ताराबाईंचे चरित्र येथे संपते. त्यांचा प्रश्न मात्र पुढच्या कायद्यांत आपल्याला भेटत राहतो, आणि माझे काम तर तेथूनच सुरू होत होते.

चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरतात हे सरकारच्या ध्यानी यायला स्वातंत्र्यानंतरही सतरा वर्षे लागली. १९६४ साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९६६ अखेर तिचा अहवाल आला. १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका आणि वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत. पाऊल मोठे होते यात शंका नाही. पण दंड संहितेचे कलम तसेच राहिले. हा कायदा म्हणजे त्या कलमातून डॉक्टरांना दिलेली सूट. निर्णय बाईचा असे त्यात म्हटले नाही. आणि संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरल्यामुळे गर्भ राहिला तर, हे जे कारण मान्य झाले ते विवाहित स्त्री व तिचा नवरा यांच्यापुरते. म्हणजे विजयालक्ष्मी १९७२ साली असती तरी त्या ओळीत ती बसली नसती.

ही ओळ बदलायला २०२१ साल उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने नवऱ्याच्या जागी जोडीदार हा शब्द आला, काही स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवडे झाली आणि त्यांच्या यादीत गरोदरपणी वैधव्य वा घटस्फोट आलेल्या स्त्रीचा स्पष्ट उल्लेख झाला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही हा लाभ नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ८८ व्या कलमात गर्भस्रावाचा गुन्हा मात्र जवळजवळ त्याच शब्दांत कायम आहे. बाई अजूनही त्यात आरोपी होऊ शकते.

आपल्या जिल्ह्याचे चित्र ताराबाईंच्या बुलढाण्याहून वेगळे आहे. येथील भिल्ल, पावरा समाजांत विधवेने पुन्हा घर करणे हे पाप मानले जात नाही. पांढरपेशांनी ह्यावरून थोडे शिकायला हरकत नाही. परंतु अडचण दुसऱ्या वाटेने येते. कायदा आठवडे मोजतो. सातपुड्याच्या पाड्यावरची बाई ऊसतोडीच्या हंगामाने महिने मोजते. कुटुंबाबरोबर ती सुरत जिल्ह्यात कोयता घेऊन जाते, पाळी चुकल्याचे तेथे कोणाला सांगणार? परत येईतो मुदत सरत आलेली असते. लहान वयात लग्न झालेल्या मुलीला दिवस गेले तर प्रश्न आणखी बिकट. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने पोलिसांना कळविणे भाग, म्हणून ती दवाखान्याची पायरीच चढत नाही. अशा मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना कळविताना डॉक्टरांनी तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे २०२२ च्या त्याच निकालात म्हटले आहे. पण मी ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी बहुतेकींच्या कानावर हे आलेले नव्हते. निकाल दिल्लीत लागतो, तो डोंगर चढून पाड्यावर जायला कोणीतरी नेणारे लागते. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी-विद्यार्थिनी त्या पाड्यांवरूनच येतात. सुट्टीत घरी जाताना एवढी एक गोष्ट आपण बरोबर नेली तर?

ताराबाईंनी कायद्याचे पुस्तक वाचले होते की नाही हे महत्त्वाचे नाही. कायद्याने ज्याला पाहिलेच नव्हते तो पुरुष त्यांना दिसला आणि त्याला त्यांनी नाव घेऊन समोर बोलावले. गर्भ राहतो तेव्हा दोघे असतात, निस्तरताना एकटी बाई असते. ही गोष्ट बुलढाण्याच्या घरात बसून, कोणाचे पाठबळ नसताना, त्यांनी छापून दाखविली. त्यांच्यावर स्मारके उभारली जावीत की नाही हा वेगळा विषय. आपण विद्यार्थ्यांनी त्यांचे पुस्तक एकदा मुळातून वाचावे. एका बैठकीत वाचून होते. नंतर मात्र पुष्कळ दिवस ते मनातून जात नाही.